झाकण्याचा इतिहास

गेल्या दिवाळीच्या आधीच्या शनिवारी मी एका सागवानी फळीची व्यवस्थित वाट लावली.

फळी साधीसुधी नव्हती. गावचं घर पाडलं तेव्हा बाबांनी दाराच्या झडपेतली एक फळी मागून घेतली होती. बाकी सगळं लाकूड गेलं, ही एक राहिली. नवीन फ्लॅटच्या दाराबाहेर तिची पाटी करायची आणि त्यावर जुन्या घराचं नाव, ‘सावली’, एवढंच लिहायचं, अशी त्यांची इच्छा. गावच्या घरावर हे नाव तिथल्या पेंटरने ब्रशने लिहिलं होतं. मी म्हटलं, हल्ली कोण ब्रशने लिहीत बसतं, लेझरने कोरून आणतो, मग आत काळा रंग भरू. एकदम प्रोफेशनल!

ट्रॉफ्या आणि नेमप्लेट बनवणाऱ्या एका दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, “वरून टेप लावू का? पंधरा मिनिटं जास्त लागतील.” मी घड्याळ बघितलं आणि म्हणालो, “नको, नंतर पुसून घेईन.”

(आमच्या धंद्यात यालाच ‘टेस्टिंग नंतर करू’ म्हणतात.)

घरी आल्यावर दिसलं की अक्षरांभोवती धुराचा तपकिरी डाग बसलाय. तो पॉलिश पेपरने थोडा गेला, थोडा राहिला. मग खाचेत काळा ऑइल पेंट भरला आणि वर आलेला रंग थिनरच्या फडक्याने पुसला. इथे खरी माती खाल्ली. फडक्याने पातळ झालेला रंग लाकडात शिरला. फळी आडवी, लाकडाच्या शिरा आडव्या, आणि देवनागरीची शिरोरेषाही आडवी. तेव्हा शिरोरेषेच्या दोन्ही टोकांना चांगल्या बोटभर लांब मिशा फुटल्या. स्वस्त वहीवर शाई फुटते ना, तसंच. फक्त वहीचं पान फाडता येतं.

बाबा बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “राहू दे रे. आपल्या गावच्या पेंटरला टेप लागली नव्हती.”

ते सहज बोलले. पण मला ते लागलं, आणि रविवारभर एकच प्रश्न डोक्यात राहिला. त्याला का लागली नव्हती? मुळात हे झाकाझाकीचं प्रकरण आलं कुठून?

उत्तराचं एक टोक बाबांच्या वाक्यातच होतं. पेंटरच्या हाताला कुठे थांबायचं ते कळतं. कडेपर्यंत आला की ब्रश उचलला जातो. पण माणसाने असं एखादं साधन वापरलं, की ज्याला स्वतःहून थांबताच येत नाही, तर जिथे काही व्हायला नको ती जागा आधीच झाकून ठेवावी लागते. अॅसिडला थांबता येत नाही. स्प्रेच्या फवाऱ्याला येत नाही. लेझरच्या धुराला येत नाही, आणि पातळ रंगाला तर नाहीच नाही. हात जसजसा कामातून बाजूला झाला, तसतसं झाकण लागत गेलं. हा इतिहास मला वाटलं होतं त्यापेक्षा बराच जुना निघाला, आणि त्यात दोन जागी मी खुर्चीतून उठून उभा राहिलो.

सुरुवात अॅसिडपासून करू. जर्मनीतल्या आउग्सबुर्ग शहरात चिलखतांवर नक्षी करणारे कारागीर लोखंड कोरण्याऐवजी ते आम्लाने खायला लावायचे. आधी सगळ्या पत्र्यावर मेण-राळेचा थर द्यायचा, सुईने त्यात नक्षी ओरखडायची आणि मग आम्ल ओतायचं. जिथे मेण नाही तिथलंच लोखंड खाल्लं जातं. त्याच शहरातल्या डॅनिएल हॉप्फरने इसवी सन १५०० च्या सुमारास हीच युक्ती छपाईच्या पत्र्यांवर वापरली आणि त्यातून एचिंग नावाची कला उभी राहिली. पुढे शंभर-सव्वाशे वर्षांनी रेम्ब्रांटने ती कुठल्या कुठे नेऊन ठेवली. आपल्याकडे कच्छच्या अजरखमध्ये चुना आणि डिंक लावून कापडाचा भाग झाकतात, म्हणजे तिथे नीळ चढत नाही. तत्त्व तेच आहे. चित्र काढायचं ते रंगाने नाही, झाकणाने.

पण मेण आणि चुन्याला घाई नव्हती. घाई आली मोटारीबरोबर.

१९२० पर्यंत मोटारींना ब्रशने ऑइल पेंट आणि व्हार्निश लावत, आणि एक गाडी पूर्ण वाळून बाहेर पडायला आठवडे लागत. फोर्डच्या ‘काळा सोडून कुठलाही रंग मागू नका’ छापाच्या काळात ते खपून गेलं. मग ड्यूपाँट कंपनीचा ड्यूको नावाचा लॅकर आला. जनरल मोटर्सने १९२४ सालच्या ओकलंड गाडीवर तो निळ्या रंगात वापरला. हा लॅकर फवाऱ्याने मारायचा आणि तो काही तासांत वाळायचा. झालं! लोकांना रंग हवे झाले, आणि एक नाही, दोन-दोन. खालचा भाग एका रंगाचा, वरचा दुसऱ्या, मधली रेघ सुरीसारखी. फॅशन आली, पण ती रेघ मारायची कशी? एक रंग झाला की तो झाकायचा आणि दुसरा मारायचा. झाकायला वर्तमानपत्रं, खाटकाकडचा कागद, चिकटवायला खळ नाहीतर दवाखान्यातली चिकटपट्टी. ती काढताना कोरा करकरीत रंग सोलून हातात यायचा. मग पुन्हा पॉलिश पेपर आणि पुन्हा फवारा.

पॉलिश पेपर! इथे आपला पहिला हिरो येतो.

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात मिनेसोटा मायनिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग नावाची कंपनी होती. आज आपण तिला थ्रीएम म्हणतो. १९०२ साली ती कोरंडम नावाचं कठीण खनिज खणायला काढली. खणलं तर ते कोरंडम नव्हतंच, दुसराच एक बिनकामाचा दगड निघाला. (स्टार्टअपवाल्यांनी याला ‘पिव्हट’ हा शब्द खूप नंतर शोधला.) मग कंपनी पॉलिश पेपर बनवायला लागली. १९२१ च्या सुमारास तिथे रिचर्ड ड्रू नावाचा पोरगा लॅबमध्ये लागला. इंजिनिअरिंगचं कॉलेज अर्धवट सोडलेलं, नाचाच्या बँडमध्ये बँजो वाजवून पैसे मिळवायचा. डिझाइनचा एक कोर्स पोस्टाने चालू होता. त्याचं काम काय, तर पाण्यात भिजवून वापरायच्या नव्या पॉलिश पेपरचे नमुने गाडी रंगवणाऱ्या गॅरेजमध्ये नेऊन द्यायचे.

१९२३ साली सेंट पॉल शहरातल्या अशाच एका गॅरेजमध्ये शिरताना त्याला आतून शिव्या ऐकू आल्या. दोन रंगी गाडीवरचा कागद काढताना रंग निघून आला होता. ड्रूने तिथल्या तिथे सांगून टाकलं, मी तुम्हाला यावर उपाय काढून देतो. त्याला टेपमधलं काहीही कळत नव्हतं, आणि त्याच्या कंपनीलाही नाही.

मला हा माणूस आवडला तो इथे. क्लायंटच्या ऑफिसात उभं राहून, स्वतःच्या टीमला न विचारता, जे येत नाही त्याचं कमिटमेंट देणारे लोक आपण रोज बघतो. फरक इतकाच की याने पुढची दोन वर्षं ते स्वतः निस्तरलं. तेलं झाली, राळ झाली, वेगवेगळे डिंक झाले. हवं होतं ते उलटसुलट होतं. घट्ट चिकटलं पाहिजे, पण ओढल्यावर खालचं काही न नेता निघालंही पाहिजे. शेवटी जुळलं ते सुतारांचं सरस आणि त्यात ग्लिसरीन. सरस म्हणजे तेच, आपले सुतार डब्यात गरम करून वापरायचे, त्या वासाचं. ग्लिसरीनमुळे ते कडक होत नाही, चिकट राहतं. कागद मात्र सारखा फाटायचा. तेव्हा चुण्यांचा, ताणला जाणारा क्रेप कागद वापरला, म्हणजे गाडीच्या गोलाईवरही पट्टी वळते. १९२५ साली मास्किंग टेप तयार झाली.

मधल्या काळात कंपनीचे वरिष्ठ विल्यम मॅकनाइट यांनी त्याला हे उद्योग बंद करून पॉलिश पेपरकडे वळायला सांगितलं होतं. त्याने थोडे दिवस ऐकलं आणि परत सुरू केलं. मॅकनाइटना ते दिसलं, पण ते काही बोलले नाहीत. कागदाला थर देणाऱ्या यंत्राला मंजुरी मिळाली नाही, तेव्हा ड्रूने स्वतःच्या सहीने चालणाऱ्या शंभर डॉलरच्या मर्यादेखाली, नव्व्याण्णव-नव्व्याण्णव डॉलरच्या ऑर्डरी काढून ते विकत घेतलं, असंही सांगतात. खरं असेल तर आमच्या कंपनीतल्या पर्चेस डिपार्टमेंटला ही गोष्ट मुळीच सांगू नका. चांगली माणसं नेमली की त्यांना आपल्या पद्धतीने काम करू द्यावं, चुका होऊ द्याव्यात, हे मॅकनाइटने १९४८ साली रीतसर लिहून ठेवलं. कामाच्या वेळातला काही हिस्सा स्वतःच्या कल्पनांना द्यायची थ्रीएमची प्रथा याच वातावरणातली. गूगलचे वीस टक्के त्याच्या बरेच नंतरचे.

टेपमुळे आणखी एक गोष्ट झाली, ती कमी बोलली जाते. आतापर्यंत झाकण हे कारागिराचं स्वतःचं काम होतं. मेण तो वितळवायचा, चुना तो कालवायचा. टेप ही दुकानात मिळणारी वस्तू झाली. सरळ रेघ ही कला राहिली नाही, रिळाची किंमत झाली. गावच्या पेंटरचं पोट ज्या रेघेवर चालायचं, ती कुणालाही मारता येऊ लागली. हे चांगलं झालं की वाईट, यावर माझं मत दर आठवड्याला बदलतं.

यानंतर हीच झाकाझाकी आपल्या, म्हणजे कीबोर्ड बडवणाऱ्यांच्या, पोटापाण्यापर्यंत कशी पोचली ते थोडक्यात सांगतो. १९५५ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये कार्ल फ्रॉश आणि लिंकन डेरिक सिलिकॉनच्या चकत्या भट्टीत तापवत होते. अपघाताने पाण्याची वाफ झाली आणि चकतीवर ऑक्साइडचा थर चढला. लक्षात आलं की भट्टीतला वायू या थरातून खाली शिरत नाही. म्हणजे ही सिलिकॉनची स्वतःची मास्किंग टेप! थराला हव्या त्या जागी खिडक्या पाडल्या की तिथेच बदल होणार, बाकी कोरं. तुमच्या फोनमधली प्रत्येक चिप या झाकण्या-उघडण्याच्या शेकडो पायऱ्यांतून जाते. आउग्सबुर्गचं मेण आणि ही चकती यांत तत्त्वाचा काही फरक नाही, मापाचा आहे.

आणि याच बेल लॅब्जमध्ये मी दुसऱ्यांदा खुर्चीतून उठलो.

पहिला लेझर थिओडोर मेमनने १६ मे १९६० रोजी कॅलिफोर्नियात चालवून दाखवला, माणकाच्या कांडीचा. त्याला ‘प्रश्न शोधत फिरणारं उत्तर’ म्हणत. लाकूड वगैरे सोडाच, त्याचं करायचं काय हेच कुणाला नीट ठाऊक नव्हतं. मग वायूंचे लेझर आले, पण ते विजेच्या मानाने फारच कमी प्रकाश द्यायचे, टक्क्याचा एक अंशही नाही. १९६४ साली कार्बन डाय ऑक्साइड वापरून ताकदवान लेझर ज्याने केला, त्याचं नाव सी. कुमार एन. पटेल. जन्म १९३८, बारामती. १९५८ साली बी. ई., कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग, पुणे. वयाच्या विसाव्या वर्षी. तिथून स्टॅनफर्ड, १९६१ साली पीएच. डी., आणि लगेच बेल लॅब्ज.

मी पुण्यात राहतो. शिवाजीनगरच्या त्या कॉलेजसमोरून किती वेळा गेलो असेन! जगातल्या प्रत्येक लेझर दुकानात, म्हणजे माझी फळी जिथे भाजली तिथेही, ज्या नळीचा किरण चालतो तिचा मूळपुरुष इथे शिकलाय, हे मला माझीच फळी बिघडेपर्यंत माहीत नव्हतं.

पटेलांनी केलं काय, ते बिल्डिंगच्या भाषेत सांगतो. आधीच्या वायू-लेझरमध्ये अणूला दहाव्या मजल्यावर चढवायचं आणि तो एकच मजला उतरला तेवढाच प्रकाश मिळवायचा. बाकीचे नऊ मजले फुकट. रेणूचं तसं नसतं. रेणू स्प्रिंगसारखा थरथरतो, आणि त्याच्या थरथरण्याचे मजले तळाशीच असतात. पहिल्या मजल्यावर चढवलं, खाली आणलं, वाया फार थोडं. त्यात नायट्रोजन घातला की काम आणखी सोपं, कारण नायट्रोजनचा मजला जवळपास त्याच उंचीवर असतो आणि तो आपली ऊर्जा शेजाऱ्याला सहज देऊन टाकतो. नंतर हेलियमही आला. सुरुवातीला मिलिवॉटमध्ये मोजायचा हा किरण थोड्याच वर्षांत शंभर वॉटच्या पुढे गेला.

आणि नशीब असं की या किरणाची लांबी भरली १०.६ मायक्रॉन. डोळ्याला दिसणाऱ्या प्रकाशाच्या कमीत कमी पंधरापट. डोळ्याला तो दिसत नाही, चकचकीत धातू त्याला परतवून लावतो, पण लाकूड, कागद, चामडं आणि अॅक्रिलिक त्याला गटागटा पितात. लाकूड तिथल्या तिथे वाफ होऊन उडतं. पटेलांना लाकूड कोरायचं नव्हतं, ड्रूला नेमप्लेट करायची नव्हती. तरी आज दोघांशिवाय दुकानदाराचं पान हलत नाही. सत्तरच्या दशकात खोक्यांच्या कारखान्यांत लागणारे लाकडी साचे लेझरने कापायला लागले. १९८८ साली अमेरिकेत एपिलॉग आणि युनिव्हर्सल या दोन कंपन्या निघाल्या आणि लेझर टेबलावर येऊन बसला, प्रिंटरच्या वेषात. चित्र उघडा, प्रिंट म्हणा, कोरून मिळेल. कोरीव काम म्हणजे कंट्रोल-पी! हाताचा उरलासुरला भागही गेला.

आणि म्हणूनच झाकण पुन्हा आलं. लाकूड उडतं तेव्हा त्याचा धूर राळेसकट आजूबाजूला बसतो. त्यावर उपाय म्हणून लावतात ती कागदी रुंद टेप आली साइनबोर्डवाल्यांकडून. व्हिनाइलची कापलेली अक्षरं उचलून बोर्डावर बसवायला ते ती वापरायचे. म्हणजे ज्या धंद्याने पेंटरचा ब्रश घालवला, त्याचीच टेप आज पेंटरसारखी कड मिळावी म्हणून लावायची. (फक्त कागदीच हं. व्हिनाइलवर लेझर मारलात तर क्लोरीनचा जहाल धूर निघतो, मशीनही खराब होतं आणि छातीही.)

पण टेप वरच्या रंगाला अडवते. लाकडाच्या आतून पळणाऱ्या रंगाला कोण अडवणार? लाकूड म्हणजे बारीक नळ्यांची मोळी. सागवानाच्या नळ्या तर नुसत्या डोळ्यांना दिसतात. खाच पाडली की त्यांची तोंडं उघडी पडतात आणि रंग आतल्या आत सरकतो, टेपखालून. माझ्या मिशा अशाच उगवल्या होत्या. याचं उत्तर ना मिनेसोटात मिळालं ना बेल लॅब्जमध्ये. ते आमच्या सोसायटीत किचनचं काम करायला आलेल्या सुतारकाकांनी दिलं. फळी हातात फिरवून म्हणाले, “आधी चपडी मारायची ना! कोऱ्या लाकडावर रंग थांबतोय होय?”

चपडी म्हणजे लाख. झाडांच्या फांद्यांवर किडे ती बनवतात, झारखंडात सगळ्यात जास्त, आणि रांचीजवळ नामकुमला तिच्यावर संशोधन करणारी संस्था १९२४ पासून आहे, ड्रूची टेप निघायच्या आदल्या वर्षापासून. स्पिरिटमध्ये विरघळवून लावली की स्पिरिट मिनिटांत उडून जातं आणि नळ्यांची तोंडं बंद. जुन्या ग्रामोफोनच्या तबकड्या याच लाखेच्या होत्या.

तर दुसरा प्रयत्न. काकांनी रंधा मारून वरचा दोन मिलिमीटर थर काढला. मिशा गेल्या, आणि थोडी जुनी झळाळीही. यापुढे फळी पातळ करता येणार नव्हती, म्हणजे बिघडलं तर संपलं. चपडीचे दोन हात दिले. (मराठीत थराला ‘हात’ म्हणतात, हे मला त्या दिवशी फार आवडलं.) मग कागदी टेप लावून जुन्या एटीएम कार्डाने घासून बसवली, पट्ट्या एकमेकींवर न चढवता, कारण दुहेरी टेप असली की तिथे खाच उथळ होते. दुकानात यावेळी मीच म्हणालो, टेप आहे, सावकाश करा. कोरून झाल्यावर टेप तशीच ठेवली, खाच ब्रशने झाडली आणि खाचेतही चपडीचा एक पातळ हात दिला. ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, कारण लेझरने नळ्यांची नवी तोंडं उघडलेली असतात. मग काळ्या रंगाचे दोन पातळ हात. रंग हाताला जेमतेम लागेनासा झाला तेव्हा टेप उलटी दुमडून हळूहळू ओढली. पूर्ण वाळू दिला असता तर रंगाची कड टेपबरोबर फाटली असती.

‘व’च्या पोटातला आणि वेलांटीच्या कमानीखालचा टेपचा तुकडा मात्र तसाच राहतो, त्याला बाहेरच्या टेपशी नातंच नसतं. ते सुईने उचलावे लागले. श्वास धरून. ‘व’चं निघालं. वेलांटीखाली सुई घसरली आणि चपडीवर एक बारीक ओरखडा उठला, त्यात रंगाचा ठिपका गेला.

रविवारी संध्याकाळी पाटी दाराबाहेर लावली. बाबांनी चष्मा लावून जवळून बघितली. शिरोरेषेच्या दोन्ही टोकांवरून बोट फिरवलं, मग वेलांटीखालच्या ठिपक्यावर थांबले.

“हे काय?”

“सुई घसरली.”

“हं,” म्हणाले, “गावच्या पाटीवर पण इथेच एक ओघळ होता.” आणि चहा टाकायला आत गेले.